भाच्याची उंच गाडी

मगरिबची नमाज झाली होती. मी मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या, तेवढ्यात भाचा आला. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलला, अम्मीचे पाय दाबून दिले. तो अम्मीचे पाय दाबू लागला की मला कळते, काहीतरी मागायचे आहे. शेवटी म्हणाला, "खाला, तुमच्याकडे साठ हजार असतील का? सहा महिन्यांत देतो."

साठ हजार होते. अम्मीला उमराहला न्यायचे म्हणून मी आणि माझ्या मिस्टरांनी महिन्याला थोडे थोडे करून बाजूला टाकलेले. हे भाच्यालाही ठाऊक होते. म्हणूनच तो एवढा वेळ पाय दाबत बसला होता.

तो माझ्या आपाचा मुलगा. वय चोवीस. माझे दुल्हाभाई अचानक गेले तेव्हा हा बारावीत होता. शिक्षण तिथेच थांबले. काही वर्षे दुसऱ्याच्या टेम्पोवर काम केले, मग आपाने आपल्या बांगड्या गहाण टाकून डाउन पेमेंट भरले आणि कर्जावर एक जुनी पण चांगली पिकअप घेऊन दिली. आमच्या कुर्ल्यातल्या फर्निचरवाल्यांचा माल तो पोहोचवतो. कपाटे, पलंग, दिवाण. कधी पनवेल, कधी पेण, कधी थेट म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत. त्या गाडीवर तीन माणसांचे घर चालते आणि बँकेचा हप्ताही.

पैसे कशाला हवेत, ते ऐकून मी चाट पडले. गाडी पुढून उंच करायची होती आणि तिला मोठे टायर घालायचे होते.

कुर्ल्यात राहणाऱ्याला या मागणीमागचे कारण समजावून सांगावे लागत नाही. मिठी नदी आमच्या अंगणातून वाहते म्हटले तरी चालेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा मी नोकरीत नवीन होते. ती रात्र आम्ही शिक्षकांनी पन्नासेक मुलांना घेऊन शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर काढली. खाली गल्लीत काळे पाणी आणि त्यावर तरंगणाऱ्या रिक्षा अजून डोळ्यांसमोर आहेत. तेवढे पाणी पुन्हा आले नाही, पण दर पावसाळ्यात एक-दोन दिवस असे येतातच की रस्ता कुठे संपतो आणि नाला कुठे सुरू होतो ते कळत नाही.

गेल्या जुलैमध्ये अशाच एका दुपारी भाच्याची पिकअप पाण्यात अडकली. इंजिन बंद पडले. ढकलत बाजूला घ्यायची सोडून त्याने पुन्हा चावी फिरवली. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात गेले होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येऊन त्या पाण्यावर आपटला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. गाडी पंचवीस दिवस गॅरेजमध्ये होती. बिल तर झालेच, शिवाय पंचवीस दिवसांचा धंदा गेला. हप्ता मात्र थांबला नाही. त्या महिन्यात आपाने दोन वेळा माझ्याकडून रेशन नेले आणि दोन्ही वेळा पदराआड डोळे पुसले.

तेव्हा त्या मुलाचे म्हणणे होते, "खाला, गाडी उंच असती तर हे झालेच नसते."

आता माझी चूक सांगते. हा लेख मी तिच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

आमचे अब्बा प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये फिटर होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना इथे कुर्ल्यात होता. आधी फियाट, मग पद्मिनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ज्यांनी प्रवास केला, त्यांतले कितीतरी जण कुर्ल्याच्याच गाडीत बसले. (त्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा मी अब्बांची आठवण काढून वर्तमानपत्रातले कात्रण ठेवले आहे.) अब्बा रविवारी शेजाऱ्यांच्या गाड्या बघायचे आणि मी पाने-पेचकस हातात द्यायला बसायचे. पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे. अब्बा म्हणायचे, "पुढचा भाग गाडीचा हात आहे, मागचा भाग खांदा. हाताने वळवायचे, खांद्याने ओझे उचलायचे. हाताच्या सांध्यात विचारल्याशिवाय काही घुसवायचे नाही."

हे मला आठवत होते. भाचा समोर बसून सांगत होता तेव्हाही आठवत होते. तरी मी गप्प बसले. वाटले, आपण नाही म्हटले तर बिनबापाच्या पोराला वाटेल, खालाने पैसे वाचवण्यासाठी निमित्त काढले. आपाच्या मनातही येईल. मी कपाट उघडून पैसे मोजून दिले. वर "अल्लाह बरकत देवो" असेही म्हणाले. उदारपणा दाखवणे सोपे होते, खरे बोलणे कठीण होते. मी सोपे ते केले.

काम बघायला मीही गेले. कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या सामानाची दुकाने ओळीने आहेत. सीट कव्हरपासून सायलेन्सरपर्यंत काय हवे ते तिथे मिळते. मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे अशा ठिकाणी गेले की माझे लक्ष शब्दांकडे जाते. आमच्याकडे 'कमानी' म्हटले की लोकांना एल.बी.एस. मार्गावरचा स्टॉप आठवतो. गॅरेजमधल्या उर्दूत मात्र कमानी म्हणजे गाडीचे पाटे. मूळ फारसी शब्द कमान, म्हणजे धनुष्य. मराठीत तीच कमान दारावर चढली, उर्दूत ती गाडीखाली गेली. वाकते पण मोडत नाही, म्हणून दोन्हीकडे नाव शोभते.

दुकान ठरवले होते भाच्याने. तिथल्या पोराने पुढच्या चाकाजवळची स्प्रिंग आणि शॉकअप यांची जोडी काढली, तिच्या डोक्यावर पंचवीस मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची चकती बसवली आणि परत कसली. याला ते स्पेसर म्हणतात. दोन्ही बाजूंना मिळून तीन-चार तासांचे काम. चकती पंचवीस मिलिमीटरची, पण गाडी पुढून जवळजवळ पन्नास मिलिमीटर उचलली गेली. कारण शॉकअप खालच्या आर्मच्या मध्यावर टेकलेला असतो आणि चाक टोकाला. दार बिजागरीजवळ एक बोट सरकले की कडेला चार बोटे सरकते, तसेच हे. मग चार नवे रुंद टायर चढले. मी विचारले, "अलाइनमेंट? हेडलाइट?" तो म्हणाला, "त्याची गरज नाही, नंतर वाटलं तर बघू." मला बोलायला ही दुसरी संधी मिळाली होती. मी पुन्हा गप्प बसले.

गाडी दिसायला मात्र झोकदार झाली, हे खोटे बोलणार नाही. गल्लीतली पोरे भोवती जमली. फोटो निघाले. भाच्याच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी हसू बघितले. आपाने नजर उतरवली.

पहिली तक्रार अम्मीने केली. तिला दवाखान्यात न्यायचे होते. तिचे गुडघे दुखतात. पायरी उंच झाल्यामुळे तिला चढताच येईना. शेवटी रिक्षा केली. मग भाचा स्वतःच म्हणू लागला की स्टिअरिंग हलके लागते, वळल्यावर आपोआप सरळ येत नाही. पूर्ण वळवले की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो. समोरचे गाडीवाले उगाच डिपर मारतात. प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे उत्तर होते: "सवय होईल."

दिवाळीच्या सुट्टीत म्हसळ्याला मामूंकडे जायचे होते. भाचाही त्याच बाजूला एका लग्नघराचे सामान घेऊन निघाला होता, म्हणून मी त्याच्याबरोबर बसले. मागे पलंग, ड्रेसिंग टेबल आणि दोन कपाटे. जागा कमी म्हणून कपाटे उभी बांधलेली. उशिरा निघालो, वडखळला ट्रॅफिक लागला, माणगावला पोहोचेपर्यंत अंधार पडला. माणगाव सोडून म्हसळ्याकडे वळलो. वाटेत चढावर गाडीचे नाक वर झाले होते आणि स्टिअरिंग हातात तरंगत होते. तो दोन्ही हातांनी घट्ट धरून चालवत होता. मग घोणसे घाटाचा उतार आला.

एका वळणावर समोरून एसटी आली. आमचे दिवे थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत गेले असावेत, कारण त्याने दोन-तीनदा डिपर मारला आणि बस थोडी मधल्या बाजूला आली. भाच्याने ब्रेक दाबला. गाडी थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. त्याने स्टिअरिंग बाजूला मारले आणि मागची उभी कपाटे, सगळा भार घेऊन, बाहेरच्या अंगाला झुकली. मला माझ्या बाजूची सीट खालून उचलल्यासारखी वाटली. तोंडातून कलमा कसा आणि कधी निघाला ते कळले नाही. दुसऱ्या क्षणी गाडी परत चारही चाकांवर आदळली आणि कडेच्या कठड्याला बंपर घासून थांबली.

कोणाला काही झाले नाही. अल्हम्दुलिल्लाह, हा शब्द त्या रात्री मी जितक्या मनापासून उच्चारला तितका क्वचितच उच्चारला असेन. एका कपाटाचा आरसा फुटला होता, दुसऱ्याचा कोपरा चेपला होता. भाचा स्टिअरिंगवर डोके टेकून बसला होता. त्याचे हात थरथरत होते. चोवीस वर्षांचे ते पोर मला त्या वेळी बारावीतलेच दिसले.

कुर्ल्यात परतल्यावर मी त्याला अब्बांच्या हाताखाली काम शिकलेल्या एका उस्तादांकडे नेले. आता सत्तरीला आले आहेत, गॅरेज मुलगे बघतात. ते आधी गाडीखाली गेले नाहीत, लांब उभे राहून बघत राहिले. मग म्हणाले, "बाजी, ही गाडी आधी मागून उंच दिसायची ना?"

भाचा म्हणाला, "हो. म्हणून तर पुढून उचलली. लेव्हल केली."

उस्ताद हसले. "बेटा, रिकामी पिकअप मागून उंच दिसते, तो तिचा दोष नाही. बनवणाऱ्याने तुझ्या ओझ्यासाठी जागा सोडलेली आहे. माल भरला की पाटे बसतात आणि गाडी सरळ होते. तू रिकामी गाडी सरळ केलीस. आता माल भरलास की मागचा भाग बसणार आणि नाक आभाळाकडे जाणार. तू गाडी दाखवायला घेतली आहेस की माल न्यायला?"

भाचा काही बोलला नाही. मग उस्तादांनी गाडी वर घेऊन एकेक गोष्ट दाखवली. आर्म आता सपाट न राहता खाली उतरता झाला होता. त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट सतत तिरका राहिल्याने रबराचा बूट फाटला होता. आत धूळ-पाणी शिरले की सांधा खिळखिळा होतो. चाकांचे कोन बदलले होते, ते परत जुळवलेच नव्हते. त्यामुळे अवघ्या तीन महिन्यांत टायरची एक कड कुरतडल्यासारखी झिजली होती. कोनामुळेच स्टिअरिंग सरळ येत नव्हते.

एक गोष्ट मात्र त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली. "दोष सगळा उंचीला देऊ नको. कपाटे आडवी बांधली असतीस तर गाडी एवढी झुकली नसती. थोडी उंची, थोडे वजन, थोडा अंधार, थोडी घाई. सगळे थोडे थोडे मिळून माणूस दरीत जातो."

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. गणित माझा विषय नाही, पण हे पाचवी-सातवीचेच गणित आहे. टायरवर जे आकडे असतात, त्यांत पहिला रुंदीचा, दुसरा रुंदीच्या शेकडा किती उंच ते, आणि तिसरा रिमचा इंचांत. जुना टायर २४५/७०, रिम १६. म्हणजे बाजूची उंची २४५ च्या शेकडा ७०, सुमारे १७१ मिलिमीटर. वर-खाली मिळून ३४३, त्यात रिमचे ४०६. एकूण व्यास ७४९ मिलिमीटर. नवा टायर २६५/७५, रिम तोच. त्याचा व्यास ८०४. फरक ५५ मिलिमीटर. पण जमिनीपासून गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे २७ मिलिमीटर.

आता यातून काय काय निघते ते बघा. चाक एका फेऱ्यात आधीपेक्षा सुमारे १७ सेंटिमीटर जास्त जाते, पण मीटरला ते माहीत नाही. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने धावत असते. ब्रेक तेच, पण चाक मोठे. पायाचा जोर तेवढाच असला तर रस्त्यावर पोहोचणारी पकड शेकडा सातने कमी. घाटात गाडी "थांबायला हवी होती तिथे थांबली नाही", ते काही उगाच नव्हते. दिव्यांचे बघा: पुढचा भाग मागच्यापेक्षा ५० मिलिमीटर जास्त उचलला, दोन चाकांमधले अंतर साधारण तीन मीटर. म्हणजे तीस मीटरवर प्रकाश अर्धा मीटर वर गेला. खाली रस्त्यावर पडायचा तो समोरच्याच्या डोळ्यांत. एसटीच्या ड्रायव्हरला आम्ही मनातल्या मनात किती बोल लावले होते!

आणि ज्यासाठी हे सगळे केले, ते पाणी? स्प्रिंगचे ५० आणि टायरचे २७ मिळून ७७ मिलिमीटर. आठ सेंटिमीटरसुद्धा नाही. माझी मूठ उभी धरली तर जवळपास तेवढी होते. मागच्या बाजूला तर फक्त २७ मिलिमीटर. आमच्या कुर्ल्यातले पाणी मुठीने मोजण्याइतके सभ्य कधीपासून झाले? ज्या दिवशी गाडी बुडाली त्या दिवशी पाणी बोनेटला लागले होते. उंच केलेली गाडीही त्यात बुडालीच असती. फरक एवढाच, की उंचीच्या भरवशावर पोर आणखी पन्नास पावले आत गेले असते.

कायद्याचीही चौकशी केली, कारण आपल्या घरांतली अनेक मुले टेम्पो-पिकअपवर पोट भरतात आणि हे त्यांना कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने ज्या तपशिलांसह गाडी दिली आणि जे नोंदणीत आहेत, त्यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच पक्के केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. त्याप्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावे लागते, तिथेही हे अडते. आणि सगळ्यात जड गोष्ट विम्याची. न कळवता केलेला बदल अपघातानंतर विमा कंपनीला आयते कारण देतो. त्या घाटात समोरच्या बसमधल्या कोणाला काही झाले असते, तर भरपाई आपाच्या कोणत्या बांगड्यांतून निघाली असती?

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला बोलावले. ओरडायचे नाही असे ठरवले होते. कागद पुढे ठेवला, हिशेब दाखवला. त्याने शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "खाला, तुम्हाला हे आधी माहीत होते?"

या प्रश्नाचीच मला भीती होती. मी म्हणाले, "सगळे नाही. पण तुझे नाना काय सांगायचे ते माहीत होते. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. ती माझी चूक झाली. मला माफ कर."

तो गोंधळला. आपल्याकडे मोठी माणसे लहानांची माफी मागत नाहीत. थोड्या वेळाने खाली बघत म्हणाला, "तुम्ही सांगितले असते तरी मी ऐकले नसते."

"ते तुझे. सांगायचे काम माझे होते."

सल्ला विचारणाऱ्याला खरे सांगणे ही अमानत आहे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मी वर्गात मुलांना तेच शिकवते. पण अमानत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पैसे, दागिने, कागदपत्रे येतात. तोंडातून न निघालेला शब्दही अमानतीत खयानत असू शकतो, हे मला घोणसे घाटात कळले. भाच्याने माझ्याकडे फक्त पैसे मागितले होते असे मी स्वतःला समजावत होते. पण आपल्या घरातले मूल मोठ्यांकडे पैसे मागायला येते तेव्हा ते न बोलता विचारतही असते, की हे करू का? पैसे देऊन टाकले की तो प्रश्न संपत नाही.

उस्तादांनी स्पेसर काढले. बॉल जॉइंट नवे टाकले, अलाइनमेंट केली, दिवे भिंतीवर टाकून खाली बसवले. जुने दोन टायर घरी होते, दोन विकत घ्यावे लागले. मोठे टायर निम्म्याहून कमी भावात गेले. लग्नघराला कपाटाचे पैसे भरून दिले. मुलीच्या वडिलांनी निम्मेच घेतले, अल्लाह त्यांना त्याचा बदला देवो. एकूण हिशेबात साठ हजारांतले जेमतेम पंचवीस परत आले. अम्मीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पोर घरी आले ना? मग माझी उमराह अल्लाहच्या हिशेबात असेल." मी मात्र नव्याने पैसे टाकायला सुरुवात केली आहे आणि भाचाही महिन्याला हजार रुपये माझ्या हातावर ठेवतो.

पाण्याचे काय, हा प्रश्न राहिलाच होता. त्याचे उत्तर उस्तादांनी दिले आणि ते फुकटचे होते. ज्या दिवशी मुसळधार पावसाचा इशारा आणि भरती एकत्र असेल, त्या दिवशी आदल्या रात्रीच गाडी चढाच्या गल्लीत नेऊन लावायची. साचलेल्या पाण्याची खोली दिसत नसेल तर गाडी घालायची नाही. आणि पाण्यात इंजिन बंद पडले तर काही झाले तरी चावी पुन्हा फिरवायची नाही. ढकलायची, टोचन लावायची आणि मेकॅनिकने बघितल्याशिवाय सुरू करायची नाही. भाच्याचे नुकसान पाण्याने जेवढे केले त्याहून जास्त त्या दुसऱ्यांदा फिरवलेल्या चावीने केले. विम्यात इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेता येते, तेही आता नूतनीकरणाच्या वेळी विचारून घ्यायचे ठरले आहे. भाच्याने ओळखीच्या सात-आठ पिकअपवाल्यांचा एक ग्रुप केला आहे. पाणी भरू लागले की पहिला बघणारा बाकीच्यांना कळवतो.

तुमच्या घरी गाडी असेल आणि मुलगा टायर बदलायचे म्हणत असेल, तर एवढे करा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात कंपनीने टायरचे माप आणि हवेचा दाब दिलेला असतो. तो वाचा. त्याबाहेर जायचे असेल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा. आणि माल उभा नको, आडवा बांधा.

परवा शाळेतून येताना भाच्याची गाडी दिसली. रिकामी होती, त्यामुळे मागून थोडी उंच, जरा ओणवी. तो एका दुकानासमोर माल भरत होता. मी थांबले. एक कपाट चढले, दुसरे चढले, दोन्ही आडवी. मग दिवाण. पाटे हळूहळू बसत गेले आणि गाडी सरळ झाली. त्याने दोर आवळला, मला बघितले आणि हाक मारली, "खाला, चला, घरी सोडतो." मी पायरीवर पाय ठेवला आणि सहज चढून बसले.